मनाचा पाय मोडतो तेव्हा

पायाला प्लॅस्टर घातलेला माणूस रविवारी चर्चच्या दारात दिसला की आपण सारे थांबतो. कसे पडलात, कुठे दाखवलेत, किती दिवस लागतील, असे आपुलकीने विचारतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोसंबी घेऊन घरीही जातो. पण आपल्याच बाकावर बसणारा एखादा गृहस्थ चार रविवार मिस्साला दिसला नाही, दिवे मालवून घरात पडून असतो असे कानावर आले, की आपली पावले त्याच्या दाराकडे सहसा वळत नाहीत. वळली तरी आपण काय बोलतो? "अहो, विश्वास ठेवा. रोजरीची माळ म्हणा. सगळे ठीक होईल."

काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच केले. नोकरी गेल्यामुळे खचलेल्या आपल्या एका बांधवाला आम्ही तिघे-चौघे भेटायला गेलो. प्रार्थना केली, धीर धरायला सांगितले आणि चहा घेऊन निघालो. पुढे तो सावरला, तेव्हा एकदा म्हणाला, "तुम्ही आलात ते बरे वाटले. पण तुम्ही गेल्यावर वाटले, नोकरी तर गेलीच, आता माझी श्रद्धाही गेली." ते शब्द आम्हाला विसरता आलेले नाहीत.

तेव्हा प्रश्न असा : मन खचणे म्हणजे श्रद्धेचा पराभव आहे का? आणि मन बळकट करणे हे ज्याचे त्याचे काम, की आपणा सर्वांचे?

संत इग्नेशिअस लोयोला ह्यांचे दोन्ही मोडले होते, पायही आणि मनही. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळा लागून त्यांच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. त्या पायाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुसरी कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. १५२२ साली मानरेसा गावी राहत असताना त्यांना अपराधीपणाने असे ग्रासले, की पापांची कबुली पुनःपुन्हा देऊनही मनाला शांती मिळेना. जीव देऊन मोकळे व्हावे असेही विचार त्यांच्या मनात येत. आठवडाभर त्यांनी अन्न सोडले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी आज्ञा करून त्यांना जेवायला लावले. हे सारे त्यांनी उतारवयात स्वतःच सांगून लिहवून घेतले, लपवले नाही. रोज प्रार्थनेत तासन्‌तास घालवणाऱ्या माणसाची ही अवस्था होती. तिला श्रद्धेची कमतरता म्हणायला आपली जीभ धजावेल का?

संदेष्टा एलियाचेही तसेच. ईजबेल राणीच्या धाकाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला फटकारले नाही. देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले. प्रवास, पर्वत आणि देवाची वाणी हे सर्व त्यानंतर. शेवटी तर देवाने त्याला अलीशाच्या रूपाने सोबतीही दिला.

ह्या दोघांकडून आपल्याला रोजच्या वापराच्या काही गोष्टी शिकता येतील.

पहिली, भाकर आणि झोप. रात्री उशिराच्या लोकलने घरी येणारा, उशाशी मोबाईल घेऊन दीड वाजेपर्यंत जागणारा तरुण सकाळी चिडला, तर त्याला उपदेशापेक्षा झोपेची गरज अधिक असते. शरीराची निगा राखणे हीसुद्धा देवाच्या देणगीची निगा आहे.

दुसरी, संध्याकाळचे आत्मपरीक्षण. संत इग्नेशिअस ह्यांच्या ज्या साधनापुस्तकाला पोप तिसरे पॉल ह्यांनी १५४८ साली मान्यता दिली, त्यात त्याच्या पाच पायऱ्या आहेत. आधी उपकारस्मरण, मग प्रकाशासाठी याचना, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा आणि उद्यासाठी निश्चय. आरंभ दोषांपासून नाही, आभारांपासून आहे हे लक्षात घ्यावे. घरची माळ झाल्यावर ह्याला दहा मिनिटे पुरतात. एखादी खोड मोडायची असेल, तर त्यांनी दिवसागणिक रेघ ओढून प्रत्येक चुकीला एक ठिपका द्यायला सांगितले आहे. मुलांवर ओरडण्याची सवय आहे? स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर ठिपके देऊन पाहा. गेल्या आठवड्यापेक्षा ह्या आठवड्यात दोन ठिपके कमी, एवढेही पुष्कळ झाले.

तिसरी, अंधारात वाट बदलू नये. मन उदास असताना आधी विचारपूर्वक घेतलेला निर्णय मोडू नये, असा त्यांचा नियम आहे. भांडणाच्या रात्री राजीनामा लिहू नये, नाते तोडू नये, जमिनीचा व्यवहार करू नये. उजाडू द्यावे.

चौथी, मनातले एका तरी विश्वासू माणसाला सांगावे. भीती झाकून ठेवली की वाढते, उघड केली की तिचे बळ ओसरते. म्हणूनच जाणत्या माणसाजवळ मन मोकळे करावे, असे इग्नेशिअस सांगतात.

मात्र ही सर्व कामे आधीपासून करायची आहेत. मन प्रसन्न असतानाच पुढच्या कठीण दिवसांसाठी बळ साठवावे, असेही त्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्या आया-आज्या काय वेगळे करत होत्या? पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, सुकी मासळी भरून ठेवणे ही बेगमी उन्हातच व्हायची. बुडणाऱ्याला पोहायला शिक म्हणण्यात अर्थ नसतो. त्याला आधी हात द्यावा लागतो.

आणि काही वेळा केवळ आपला हात पुरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा नाही. इग्नेशिअस ह्यांच्या पायालाही शस्त्रक्रिया लागली होती. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले, तर ते थट्टेवारी नेऊ नये आणि त्याला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. तो क्रमांक स्वतः फिरवून फोन त्याच्या हाती द्यावा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. मनाची मशागत ज्याची त्यानेच करायची हे खरे. पण गेथशेमनी बागेत प्रभू येशूचे मन मरणप्राय दुःखी झाले, तेव्हा त्याने तीन मित्रांना बरोबर घेतले. त्यांच्याकडून त्याला उपदेश नको होता. त्यांनी जवळ राहून जागावे एवढेच त्याने मागितले. आणि ते झोपी गेले.

त्या दिवशी चहा घेऊन निघालेले आम्हीही झोपलेलेच होतो. ह्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना आपल्या बाकाकडे एकदा पाहू या. कोणती जागा बऱ्याच दिवसांपासून रिकामी आहे? त्या घरी जाऊ या, मोसंबी घेऊनच जाऊ या. कमी बोलू, थोडे अधिक बसू, आणि निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगून येऊ.