दैव पाचवे

३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाचा पूल बांधीत असता तुळया बसविणारे अजस्र यंत्र कोसळले व २० माणसे प्राणास मुकली. त्या वार्तेने सारा देश हळहळला. परंतु त्याच शहापुरात किंवा शेजारच्या मुरबाडात गोदामाच्या धक्क्यावर एखादा हमाल फोर्कलिफ्टखाली सापडला, तर ‘त्याचे दैव!’ एवढ्या दोन शब्दांत आपण विषय मिटवितो. हे दैव म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैवाचा क्रम पाचवा आहे. आता हा क्रम धक्क्यास लावून पाहावा. अधिष्ठान म्हणजे तो पुरुषभर नसला तरी छातीइतका उंच धक्का. त्याची कड ठळक रंगविली आहे काय? माल भरताना ट्रक पुढे सरू नये म्हणून चाकांखाली ठोकळे घातले आहेत काय? कर्ता म्हणजे चालक. त्यास शिकविले कोणी व किती दिवस? करण म्हणजे फोर्कलिफ्ट. ती मागच्या चाकांनी वळते, म्हणून तिची पिछाडी झटकन बाजूस फेकली जाते. पुढे माल उंच रचला असता चालकास समोरचे दिसत नाही. मग पायी वावरणाऱ्यांस निराळी वाट आखून दिली आहे काय? चेष्टा म्हणजे तेथली धांदल.

या प्रश्नांची उत्तरे अपघातापूर्वीच देता येतात. आणि जे आधी कळू शकते त्यास दैव म्हणणे हा दैवावरही अन्यायच होय. तथापि आपण बोट दाखवितो ते कर्त्याकडे किंवा दैवाकडे. एक दुर्बळ, दुसरे मुके. ज्या कारणांची किल्ली मालकाच्या हाती, ती मात्र सुटून जातात. १९२३ च्या कायद्याने कामगारास नुकसानभरपाईचा हक्क दिला, हे खरे. पण भरपाई घात झाल्यावर येते.

कोणी म्हणेल, कामगारच बेसावध असतात. असतीलही. विहिरीस कठडा बांधणाऱ्याने पाणी भरणारीस दोष दिला नव्हता. माणूस केव्हा तरी बेसावध होतो, एवढेच त्यास ठाऊक होते.

आणि ती धांदल तरी कोणासाठी? आज मागविलेली वस्तू उद्या दारी यावी, असा हट्ट आपलाच ना? तेव्हा पाचव्या कारणाकडे वळण्यापूर्वी चौथ्यातील आपला वाटा आपण मोजावा, हेच उचित.