भग्नावशेषांतील माणसे

भग्न वास्तू पाहून आपल्याला आनंद का व्हावा, हा प्रश्न वरवर कलेचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. शेजाऱ्याचे पडलेले घर पाहून सुखावणाऱ्यास आपण निर्दय म्हणतो. तेच घर दीड हजार वर्षांपूर्वी पडलेले असेल, तर त्याचे चित्र दिवाणखान्यात लावणाऱ्यास रसिक म्हणतो. काळाचे अंतर वाढले की दुःखाचे सौंदर्य होते काय?

अठराव्या शतकातील रोममध्ये या प्रश्नाला विशेष धार आली. व्हेनिसच्या परिसरात जन्मलेल्या जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०-१७७८) याने १७४८ च्या सुमारापासून अखेरपर्यंत रोमच्या दृश्यांची सुमारे १३५ छापचित्रे केली. तांब्याच्या पत्र्यावर मेणकट लेप द्यायचा, त्यावर सुईने रेखाटायचे, उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने खोल करून घ्यायच्या आणि त्यांत शाई भरून कागदावर छाप काढायचा, अशी ही रीत. युरोपातील धनिक प्रवाशांनी ही चित्रे हौसेने विकत घेतली. त्यांतील वास्तू इतक्या भव्य, की कॅराकॅलाची स्नानगृहे प्रत्यक्ष पाहताना ग्यॉथेसारख्याचीही निराशा झाली.

मग पिरानेसी हा केवळ मोहाचा व्यापारी होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १७५६ मध्ये रोमच्या प्राचीन वास्तूंवरील आपले चार खंड त्याने प्रसिद्ध केले. हे अवशेष काळाच्या माऱ्याने आणि दगड विकून टाकणाऱ्या मालकांच्या लोभाने दिवसेंदिवस नाहीसे होत आहेत, म्हणून ते कागदावर जपावेत, असा हेतू त्याने प्रस्तावनेत सांगितला. ही भीती खोटी नव्हती. कोलोसियममधून शतकानुशतके खाणीसारखा दगड उपसला गेला होता.

याच काळात फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६७ च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना युबेर रॉबेर या चित्रकाराला एक सल्ला दिला: तुमच्या भग्नावशेषांत माणसे फार आहेत, तीन चतुर्थांश पुसून टाका, एकांत आणि शांतता वाढवतील तेवढीच ठेवा. कलेच्या दृष्टीने सल्ला मार्मिक आहे. सारे नश्वर आहे हा विचार निर्जन स्थळीच गंभीर होतो. परंतु आपल्या चिंतनासाठी इतरांनी तेथून उठून जावे, ही अपेक्षाही त्यात दडलेली आहे.

पिरानेसीच्या चित्रांत माणसे राहिली. प्राचीन फोरम तेव्हा ‘गुरांचे कुरण’ म्हणून ओळखले जाई. कमानी अर्ध्या मातीत गाडलेल्या, आणि आसपास गुराखी, भिकारी, गाड्या. ही माणसे खुजी आणि फाटकी आहेत. वास्तू मोठी दिसावी म्हणूनही ती तेथे आहेत, हे मान्य केले पाहिजे. तरीही ती पुसलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात उत्खनन होऊन स्तंभ पायथ्यापर्यंत मोकळे झाले. गुरे आणि गुराखी मात्र तेथून गेले.

भग्नावशेष पाहून होणारा आनंद मला पाप वाटत नाही. नश्वरतेची जाणीव माणसाला नम्र करीत असेल, तर तो आनंद इष्टच आहे. परंतु जे गेले त्यांच्यासाठी हळहळताना, जे त्याच दगडांच्या सावलीत आज जगत आहेत त्यांच्याकडे नजर जात नसेल, तर ती हळहळ निव्वळ विलास ठरते. दृश्य पाहावे, पण त्यातली माणसे मोजून पाहावीत.