मागची सोय

श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसला की पाचवा अध्याय पहिल्याच दिवशी येतो. पीठापूरची ती कथा आपणां सर्वांच्या परिचयाची. सोळा वर्षांचे श्रीपाद श्रीवल्लभ घर सोडायला निघतात. आईबाप शोक करतात. थोरले दोघे भाऊ, एक आंधळा नि एक पांगळा. म्हातारपणी आम्हांला बघणार कोण? महाराज अमृतदृष्टीने भावांकडे पाहतात. एकाला डोळे येतात, दुसऱ्याला पाय. मग आईबापांची सेवा करा असे सांगून ते निघतात.

खरे सांगायचे तर हा अध्याय वाचताना माझ्या मनात कितीतरी वर्षे किल्मिष यायचे. माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंथरुणाला. सेरेब्रल पाल्सी हे नाव फार उशिरा कळले. त्याचे बोलणे फक्त घरच्यांनाच समजते. आईने किती गुरुवार केले, नरसोबाच्या वाडीला किती प्रदक्षिणा घातल्या, त्याला गणती नाही. पाय काही आले नाहीत. पीठापूरच्या भावांना मिळाले ते याला का नाही, असे वाटायचे.

आई गेली आणि तो माझ्याकडे आला. त्याला भरवायचे, न्हाऊ घालायचे, रात्री दोनदा उठून कुशीवर वळवायचे, नाहीतर पाठ सोलवटते. यातले निम्म्याहून जास्त माझ्या बायकोने केले. हे छापून यावे म्हणून मुद्दाम लिहितो.

एका दत्तजयंतीला जन्मकाळ गाठायचा म्हणून आम्ही दोघे त्याला खाटेवर निजवून, बाहेरून कडी घालून वाडीला गेलो. शेजारी सांगून जाऊ म्हटले होते, घाईत राहिले. कवठाची बर्फी घेऊन रात्री परतलो तर तो खाली पडलेला. फरशी गार, कपडे ओले. किती वेळ तसा होता कोण जाणे. मला बघून हसला आणि हातातल्या पुडीकडे बोट केले. ती बर्फी मला गिळवली नाही.

तेव्हापासून तो अध्याय मी वेगळा वाचतो. प्रत्यक्ष अवतारी पुरुषाने मागची सोय लावल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. मी एका संध्याकाळचीही लावली नव्हती. मग दर्शनाला जायचेच नाही का? जायचे. दमलेला माणूस चिडका होतो आणि ती चीड अंथरुणावरच्या जिवावर निघते. माझी निघाली आहे. आता आम्ही पाळीने जातो, एवढेच.

आमची राहती जागा विकून मुलीजवळ फ्लॅट घ्यावा, असा विषय मध्यंतरी निघाला होता. बहिणींनाच पटेना. आई गेल्यावर त्यांचे माहेर म्हणजे हाच. भाऊबीजेला दोघी येतात, आधी त्याला ओवाळतात, मग मला. तो नसता तर आम्ही तिघे लग्नकार्यातच भेटलो असतो. सांभाळतो मी त्याला, पण घर धरून ठेवलेय त्याने. हे कळायला मला साठी यावी लागली!

आता मी अडुसष्टचा. मुलगी म्हणाली, "बाबा, काकांचं मी बघेन." आईने माझ्याकडून घेतला तसा शब्द मी तिच्याकडून घेतला नाही. मरणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. तो कसला शब्द? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अशा व्यक्तीला अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करायचा. ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांनी हात चालतायत तोवर तेवढे करून टाकावे. मुलीला म्हटले, "कागद वाच, महिनाभर विचार कर, मग सही कर. नाही म्हणालीस तरी माझी मुलगीच आहेस." तिने पंधरा दिवस घेतले.

यंदा जन्मकाळाला वाडीला ती आणि तिची आई जाणार आहेत. मी घरी. त्याला सुंठवडा फार आवडतो, पण जास्त खाल्ला की ठसका लागतो. चमच्याने थोडा थोडा द्यावा लागतो.