शोक आणि दावा : एका डॅनिश चित्रपटातील नैतिक प्रश्न

जी व्यक्ती हयात आहे तिच्यासाठी शोक करण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला असतो काय? आणि असा शोक त्या व्यक्तीच्या सत्याचा अवमान ठरतो काय? मालू रेमन या दिग्दर्शिकेच्या 'एन हेल्ट अल्मिन्देलिग फामिलिये' ('एक अगदी सर्वसाधारण कुटुंब', २०२०) या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या मुळाशी हा प्रश्न आहे. तिच्या स्वतःच्या बालपणाचा आधार असलेले हे कथानक १९९०च्या दशकाच्या अखेरीस घडते. वडील थॉमस यापुढे स्त्री म्हणून जगणार आहेत आणि म्हणून आईवडील विभक्त होणार आहेत, हे अकरा वर्षांच्या एमाला घरात जेवता जेवता कळते.

थॉमसची आग्नेते होते. थोरली बहीण कॅरोलिन हा बदल तुलनेने लवकर स्वीकारते. एमाचे वडिलांशी असलेले नाते मात्र फुटबॉलच्या संगतीत घडलेले आहे. कौटुंबिक समुपदेशकासमोर ती चेहऱ्याभोवती गळपट्टा गुंडाळून बसते. या न पाहण्याला द्वेष म्हणणे उथळपणाचे होईल. पाहिले की आधीची प्रतिमा पुसली जाईल, हे त्यामागचे भय आहे. अधूनमधून येणारी घरगुती चित्रफीत हीच प्रतिमा प्रेक्षकासमोर जिवंत ठेवते.

येथे दोन भूमिका संभवतात. आग्नेते पहिल्यापासून होतीच, थॉमस हे केवळ आवरण होते. तेव्हा काहीच हरवलेले नाही, अशी एक भूमिका. आत्मभानाच्या दृष्टीने ती रास्त आहे. परंतु 'वडील' हा व्यक्तीचा गुणधर्म नव्हे, ते नाते आहे, आणि नात्याला दोन टोके असतात. म्हणून एमाची हानी खरी आहे, ही दुसरी भूमिका. मात्र हानी खरी आहे एवढ्यावरून आग्नेते एमाची ऋणको ठरत नाही. शोक म्हणतो, 'हे होते, आता नाही.' दावा म्हणतो, 'ते परत दे.' शोक कुणाचेही स्वत्व हिरावून घेत नाही, दावा घेतो. त्याचबरोबर स्वत्वाचे सत्य आग्नेतेला पालकत्वाच्या कर्तव्यातून मुक्तही करीत नाही.

मान्यतेचा हा प्रश्न कायद्यापुढेही होता. समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाचा अधिकार डेन्मार्कने १९८९ मध्ये जगात सर्वप्रथम दिला. तरीही लिंगओळखीची कायदेशीर नोंद बदलण्यासाठी प्रजननक्षमता संपवणाऱ्या शस्त्रक्रियेची अट तेथे २०१४ पर्यंत टिकून होती. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून प्रौढ व्यक्तीची स्वतःची घोषणा आणि सहा महिन्यांचा विचारकाल एवढेच पुरेसे ठरले. कायदा मान्यतेची तारीख ठरवू शकतो. नात्याला तशी तारीख नसते.

मराठी समीक्षकाला हा प्रश्न व्याकरणातच भेटतो. डॅनिशमध्ये 'तो' आणि 'ती' ही सर्वनामे वेगळी असली तरी क्रियापद कर्त्याचे लिंग सांगत नाही. मराठीत 'मी जातो' किंवा 'मी जाते' असे म्हणताच 'मी'लाही आपले लिंग जाहीर करावे लागते. एमाची गोष्ट मराठीत सांगायची तर 'बाबा आल्या' असे वाक्य लिहावे लागेल. व्याकरण ज्याला प्रमाद मानील ते वाक्य या घरात मात्र सत्य आहे.

अर्थात एक आक्षेप उरतो. निवेदनदृष्टी एमाची असल्यामुळे आग्नेतेचे अंतरंग बव्हंशी बंदच राहते. शिवाय ही भूमिका मिकेल बो फोल्सगार्ड या पुरुष नटाने केली आहे. ज्या व्यक्तीवर परिवर्तनाचा सारा भार आहे, तीच येथे इतरांच्या नजरेचा विषय होते. हा आक्षेप टाळता येणार नाही. परंतु अन्याचे अंतरंग आपल्याला पूर्णतः उपलब्ध नसते, आणि मान्यता ही आकलनानंतर नव्हे तर आकलनाआधीच द्यावी लागते, हेही याच मर्यादित नजरेतून सिद्ध होते. सारे काही समजल्यावर दिलेली मान्यता ही मान्यता नसून केवळ परीक्षेचा निकाल असतो.