आईला विचारलंत का?



भिलाईला लागून असलेल्या जामुलमध्ये 1965 पासून एसीसीचा सिमेंट कारखाना आहे. शेजारच्या भिलाई स्टील प्लांटचा स्लॅग इथल्या सिमेंटात जातो. या पट्ट्यात नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी माणसं नोकरीसाठी आली आणि इथलीच झाली.

सिमेंटच्या भट्टीत, म्हणजे किल्नमध्ये, 1450 अंशांच्या आसपास तापमान असतं. आतलं विटांचं अस्तर झिजतं, पण ते ढासळेपर्यंत कुणी वाट बघत नाही. शटडाउन आधी ठरतो, विटा आधी येतात, कुणाची कुठली पाळी तेही ठरतं. असे शटडाउन काढण्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरात मात्र ‘उद्या बाबांना उठता-बसता येईनासं झालं तर?’ एवढं विचारून बघा. लगेच आतून आवाज येतो, “भरल्या घरात काय अभद्र बोलतोस!”

नोकरदाराच्या म्हातारपणातली एकच तारीख आधी कळते, ती निवृत्तीची. म्हणून क्वार्टर सोडण्याआधी प्लॉट घेतला जातो, घर उभं राहतं. ते घर एकदा नीट बघा. मुलं पुण्याला, हैदराबादला. त्यांच्यासाठी वर खोल्या. आणि म्हाताऱ्यांची झोपायची खोलीही वरच! खरं तर हवी खाली एक खोली, तिला लागून न्हाणीघर, कमोड, भिंतीला धरायला दांडा, चाकाची खुर्ची जाईल एवढं दार. बांधतानाच केलं तर याचा खर्च फारसा जाणवत नाही. मांडीचं हाड मोडल्यावर करायला घेतलं, तर गवंडी आणि पेशंट एकाच वेळी घरात.

कागदपत्रांतही अशीच गफलत होते. मुखत्यारपत्र केलं की निश्चिंत, असं अनेकांना वाटतं. पण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशात नेमक्या गरजेच्या वेळी तो कागद कुचकामी. नॉमिनीचा उपयोग माणूस गेल्यावर, आजारपणात नाही. म्हणून बँकेत जाऊन, दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं खातं हातपाय धड असतानाच करून घ्यावं. शेवटच्या आजारात यंत्रांवर किती काळ ठेवायचं, हेही आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये ती मुभा दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. घर मुलाच्या नावे करायचंच असेल, तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच घाला. अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागण्याची सोय 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये आहे. मुलांना हे झोंबतं, झोंबू द्या.

पण हे सगळं ठरवताना विचारलं जातं बाबांना. आई बहुधा वयानं लहान, आणि बायका जगतातही जास्त. शेवटी एकटं राहायची वेळ बरेचदा तिच्यावर येते. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मुळातच तुटपुंजी, नवऱ्यामागे ती साधारण निम्म्यावर येते. मुलं मनात धरून चालतात की ती पुण्याला येईल. सातव्या मजल्यावर, दिवसभर कुलूपबंद. जामुलात तिची शेजारीण आहे, छत्तीसगडीत तासन्‌तास गप्पा मारणारी. विश्वासानं उधारी देणारा भाजीवाला आहे. तिला पुण्याला यायचं असेलही. किंवा दिवसभराची एक बाई आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, एवढ्यावर तिला इथंच राहायचं असेल.

तसं असेल तर पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं जवळच्या दुर्गला उतरेपर्यंत एक रात्र आणि जवळपास अर्धा दिवस जातो, हे धरून चालावं लागेल. पहिला फोन कुणाला करायचा, घराची दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची, हे तिलाच ठरवू द्या. फोनवर नको. दिवाळीला घरी गेलात की, नातवंडं झोपल्यावर. आधी आई बोलेल, आणि तिचं बोलून होईपर्यंत बाबांनी मध्ये तोंड घालायचं नाही.