मागच्या दारचं पान

मिरकरवाड्यात आमच्या मागच्या दारी दर पावसाळ्यात एकच पान येतं, उघड्या छत्रीसारखं. ॲप म्हणालं, सुरण. आई म्हणाली, आपला सुरण असा नसतो.

सुरणाच्या भाऊबंदांत फूल आधी, पान मागाहून. त्यामुळे नुसत्या पानावर ओळख पटवणं अवघड. 'अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस' ही त्यातलीच, कोकणातली. श्रीरंग यादव आणि इतर दोघांनी तिला १९९४ साली नाव दिलं. रानात ती त्याआधीही होतीच.

आमचं रोप तेच निघालं तर? लोकेशनसह फोटो टाकला तर नोंद होईल, पण शोभेची झाडं जमवणारे कंद उकरायलाही येतील. ठिकाण लपवणं हा खोटेपणा का? मला नाही वाटत.

मे-जूनमध्ये फूल आलं तर बघू. लोकेशन तूर्त बंद आहे.