ग्रंथांची मांडणी

घरातील पुस्तकांची मांडणी देखणी असावी अशी इच्छा बाळगणाऱ्या गृहस्थाला पुष्कळ विद्वज्जन उथळ समजतात. मला ती इच्छा सर्वथा उचित वाटते. ज्या कपाटापाशी दृष्टी रमत नाही तिकडे हातही सहसा वळत नाही. म्हणून मांडणीचे सौंदर्य हे ग्रंथ वाचकापर्यंत आणण्याचे एक साधन आहे, आणि त्याच कसोटीवर ते पारखले गेले पाहिजे.

पुस्तक उभे ठेवून त्याची पाठ दर्शनी बाजूस आणण्याची रीत आपल्याकडे छापील, बांधीव ग्रंथांबरोबर रुळली. त्यापूर्वीची पोथी म्हणजे सुटी, आडवी पाने. ती वस्त्रात बांधावयाची आणि आडवीच ठेवावयाची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदही रुमालांत बांधलेले, आणि कोणत्या रुमालात काय आहे हे सांगावयास फेरिस्त तरी हवी किंवा जाणता कारकून तरी हवा. उभ्या ग्रंथाची पाठ हीच त्याची नोंद झाली. ही नोंद सहज वाचता यावी, हा मांडणीचा पहिला दंडक होय.

पुस्तके रंगांनुसार लावण्याची जी हौस अलीकडे दिसते ती मला मान्य होत नाही, कारण एकाच लेखकाचे ग्रंथ केवळ वेष्टनाच्या वर्णभेदामुळे तिच्यात परस्परांस दुरावतात. त्यापेक्षा विषय एकत्र राखून, त्या विषयातील क्राउन आणि डेमी आकारांची पुस्तके आपापल्या आकाराच्या लगत लावली, तर डोळ्यांना हवी असलेली सरळ रेघ आपोआप साधते. आपले कवितासंग्रह मात्र बहुधा इतके कृश असतात की पाठीवर नाव छापण्यास जागाच उरत नाही. दोन जाड कादंबऱ्यांच्या मध्ये असा संग्रह शिरला की त्या घरापुरता तो नाहीसाच झाला. त्यांच्यासाठी एखादी आखूड फळी वेगळी राखावी, आणि काही संग्रह मुखपृष्ठ समोर येईल असे टेकवून ठेवावेत. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठांवर आपली कला वेचली, ती अंधारात राहण्यासाठी खचित नव्हे.

फळी खच्चून भरणे हाही अपराधच. असे पुस्तक पाठीच्या वरच्या काठाला बोट घालून ओढावे लागते, आणि बांधणी नेमकी तेथेच उसवते. मुंबई-कोकणातील पावसाळ्यात तर कपाट भिंतीपासून चार बोटे अलग आणि पुस्तकांभोवती वारा खेळता असावा लागतो, नाहीतर बुरशी आणि कसर आपला अंमल बसवितात. चार रिकाम्या बोटांची जागा संग्रहाला शोभा देते आणि आयुष्यही.

ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिले सूत्र. ते ग्रंथालयांसाठी असले तरी घराला अधिकच लागू पडते, कारण घरी पुस्तक काढून देणारा कोणी ग्रंथपाल नसतो. डॉ. आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले तेव्हा ग्रंथांची सोय मुळापासून पाहिली होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला एखादी भिंतच येते, आणि तेवढी पुरेशी आहे.

नवे कपाट करवून घेणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की, रद्दीसाठी सोडली जाणारी सर्वांत खालची फळी त्यांनी मुलांच्या पुस्तकांना द्यावी आणि कपाटाला कुलूप लावू नये.